पुस्तकं हाताळणारा माणूस

ग्रंथालयांचा इतिहास सांगताना आपण इमारती मोजतो, पुस्तकं मोजतो. ती हाताळणारा माणूस कसा घडला, हे सहसा विचारत नाही.

१८८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात मेल्विल ड्युई यांनी ग्रंथपालनाचा वर्ग काढला. विद्यार्थी २०, त्यांतल्या १७ स्त्रिया. स्त्रियांना प्रवेश दिला म्हणून विश्वस्त नाराज झाले आणि १८८९ मध्ये तो वर्ग ऑल्बनीला हलवावा लागला.

आता बडोद्याकडे या. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तकच आलं नाही, तर शिकलेलं अक्षर पुसलं जाणारच. म्हणून गावोगाव ग्रंथालयं हवीत, आणि ती चालवायला जाणती माणसं. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावलं. १९११ मध्ये प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. भारतातला तो पहिला मानतात.

ॲरिस्टॉटल म्हणतो, घरं बांधता बांधताच माणूस गवंडी होतो. इथंही तेच. वर्गीकरणाचे नियम वर्गात कळतात. पण चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलंच पुस्तक, हे प्रत्यक्ष वाचक समोर उभा राहिल्यावर उमगतं.

म्हणून आज एवढंच विचारा: अभ्यासक्रमातलं ‘प्रत्यक्ष काम’ म्हणजे नुसते शिक्के मारणं आणि धूळ झटकणं उरलंय का? तसं असेल, तर तो विद्यार्थी शिकत नाहीये, फुकट राबतोय.