नऊ वर्षांपर्यंतच्या विधवा किती? : अटी लावून मोजण्याची गोष्ट



गटाची वही तुमच्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. आडवी ओळ एका बाईची, उभा रकाना एका माहितीचा. नाव, वय, एकल आहे का, बचत किती, कर्ज घेतलंय का, हप्ता थकलाय का. महिन्याच्या बैठकीत आपण बहुतेक वेळा एकाच रकान्याची बेरीज करतो. बचत किती जमली? वरून खाली आकडे मिळवत जायचं, झालं काम. पण ग्रामसंघात कुणी विचारलं, "चाळिशीच्या आतल्या एकल बायका किती, आणि त्यांतल्या किती जणींना अजून एकदाही कर्ज मिळालेलं नाही?" की सचिव ताई पेन खाली ठेवते. आता तीन रकाने एकदम बघायचे असतात. बोट ओळीवर ठेवायचं, वय बघायचं, एकल आहे का बघायचं, कर्जाचा रकाना बघायचा, तिन्ही जुळलं तरच बाजूला रेघ मारायची. दीडशे ओळी असल्या की तास जातो. मध्ये कुणी चहा आणला की पुन्हा पहिल्यापासून.

अशी अटी लावून मोजणी संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून होत आली आहे. बायकांच्या इतिहासात तिने मोठं काम केलंय. आज तेच सांगते.

१७ फेब्रुवारी १८८१. ब्रिटिश अंमलाखालच्या हिंदुस्थानात त्या रात्री पहिल्यांदाच सगळीकडे एकाच वेळी माणसं मोजली गेली. तेव्हा या कामाला खानेसुमारी म्हणत. खाने म्हणजे घरं. घरोघर जाऊन माणसाचं वय, धर्म, जात, लग्न झालंय की नाही, हे सगळं लिहून घेतलं. लिहिणं झालं, पण मोजायचं कसं? यंत्र नव्हतं. कारकून समोर मोठा कागद घेऊन बसत. त्यावर आधीच घरं आखलेली असत. वहीतली एक एक नोंद वाचायची आणि ज्या घरात ती बसते तिथे एक खूण करायची. बाई, विधवा, वय वीस ते चोवीस, तर त्या घरात एक रेघ. पुढची नोंद. आणखी एक रेघ. कोट्यवधी माणसांसाठी अशा रेघा मारल्या गेल्या.

त्या रेघांमधून जे आकडे निघाले ते पंडिता रमाबाईंनी उचलले. रमाबाईंचे यजमान १८८२ साली गेले. पदरात लहान मनोरमा. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोचल्या. तिथेच १८८७ साली त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्या पुस्तकात दुःखाची वर्णनं आहेत, धर्मशास्त्रातली वचनं आहेत, आणि खानेसुमारीचे आकडेही आहेत.

एकूण विधवा दोन कोटी नऊ लाखांच्या वर. हा आकडा मोठा आहे, पण त्यावर कुणीही म्हणेल, "अहो, म्हाताऱ्या बायका असणारच की विधवा, नवरा वयाने मोठा असतो." तोंड बंद करणारा आकडा पुढे आहे. रमाबाईंनी विधवा या रकान्याला वयाचा रकाना जोडला. नऊ वर्षांपर्यंतच्या विधवा ७८,९७६. दहा ते चौदा वर्षांच्या २,०७,३८८. पंधरा ते एकोणीस वर्षांच्या ३,८२,७३६. म्हणजे विशीच्या आत ६,६९,१०० विधवा.

त्यातला पहिला आकडा पुन्हा बघा. पाऊण लाखाहून जास्त मुली, काही दुधाचे दात पडलेल्या, काहींचे पडायचेही बाकी, आणि सरकारी कागदावर विधवा. नुसत्या वयाच्या रकान्यात त्या लहान मुली म्हणून दिसतात. नुसत्या विधवांच्या रकान्यात त्या दोन कोटींत बुडून जातात. दोन्ही रकाने एका वेळी पाहिले तरच त्या दिसतात. अमेरिकेतल्या लोकांनी ते वाचलं, बॉस्टनला मदतीची संस्था उभी राहिली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. नुसत्या आकड्यांनी हे झालं असं मी म्हणणार नाही. रमाबाईंची वाणी होती, हिंमत होती. पण आकडे हाताशी नसते तर "दोन-चार घरांतल्या गोष्टी सांगते ही बाई" असं म्हणून तिला सहज गप्प बसवलं असतं.

रमाबाई अमेरिकेत होत्या त्याच सुमाराला तिथे मोजणीचीच मोठी अडचण झाली होती. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना करावी असं त्यांच्या राज्यघटनेतच आहे. १८८० साली माणसं होती पाच कोटी, आणि त्यांचे सगळे तक्ते पुरे व्हायला सात-आठ वर्षं लागली. पुढच्या वेळी माणसं वाढणार, प्रश्नही वाढणार. मग एक मोजणी संपायच्या आधीच दुसरी येऊन उभी राहणार!

हर्मन हॉलरिथ नावाचा एक तरुण त्या १८८० च्या कामावर होता. त्याने युक्ती काढली. प्रत्येक माणसासाठी एक जाड कागदाचं कार्ड. कार्डावर जागा ठरलेल्या. बाई असेल तर इथे भोक, पुरुष असेल तर तिथे. वयाची भोकं वेगळ्या जागी, लग्नाची वेगळ्या. आगगाडीच्या तिकिटावर तिकीट तपासनीस भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवायचा, केस कसे, डोळे कसे. ते बघून हे सुचलं असं हॉलरिथने सांगितलंय.

मग कार्ड यंत्रात ठेवायचं आणि वरचा दांडा खाली ओढायचा, आपण हापशाचा ओढतो तसा. वर स्प्रिंगवर टाचण्या. भोक नसेल तिथे टाचणी अडते. भोक असेल तिथे ती आरपार जाते आणि खालच्या वाटीतल्या पाऱ्याला टेकते. पाऱ्यातून वीज वाहते, म्हणून टेकली की वीज सुरू आणि समोरच्या घड्याळासारख्या तबकडीचा काटा एक घर पुढे. अशा चाळीस तबकड्या समोर लावलेल्या.

खरी करामत तारांच्या जोडणीत होती. आपल्या घरात मेन स्विच असतो आणि खोलीत दिव्याचं बटण असतं. दोन्ही चालू असतील तरच दिवा लागतो. एक बंद असलं की अंधार. हॉलरिथने तशाच तारा जोडल्या. "बाई" या भोकातून आलेली वीज "विधवा" या भोकावरून जायला हवी, तरच अमुक तबकडीचा काटा हलेल. बाई आहे पण विधवा नाही, तर काटा जागचा हलणार नाही. आपण वहीवर बोट ठेवून मनात म्हणतो ना, "ही पण अट आणि ती पण अट", ते "पण" त्याने तारेत बसवलं.

१८८९ साली तीन पद्धतींची परीक्षा झाली. सेंट लुईस शहरातल्या आधीच्या नोंदी घेऊन कोण लवकर मोजतो ते बघितलं. नोंदी कार्डावर उतरवल्यानंतर तक्ते करायला हॉलरिथच्या यंत्राला साडेपाच तास लागले. दुसऱ्या दोन पद्धतींना साडेचव्वेचाळीस आणि साडेपंचावन्न तास. १८९० च्या जनगणनेचं काम अर्थातच यंत्राला मिळालं. सव्वासहा कोटी माणसांची कार्डं झाली. भोकं पाडायला आणि दांडा ओढायला मोठ्या संख्येने बायका होत्या, हे मुद्दाम सांगते, कारण इतिहासात यंत्र बनवणाऱ्याचं नाव राहतं, दांडा ओढणारीचं राहत नाही. हॉलरिथने काढलेली कंपनी पुढे दुसऱ्यांत मिसळली आणि १९२४ पासून ती आयबीएम या नावाने ओळखली जाते.

आपल्याकडे यंत्र इतक्या लवकर आलं नाही. १९०१ च्या खानेसुमारीत जर्मनीकडच्या बव्हेरियातून आलेली चिठ्ठ्यांची पद्धत वापरली. माणसागणिक एक चिठ्ठी. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म कळायचा, छापलेल्या खुणेवरून बाई की पुरुष, लग्न झालेलं की विधवा. मग चिठ्ठ्या कप्प्या-कप्प्यात टाकायच्या. आधी धर्मावर वेगळ्या करा, मग त्या ढिगातून बायका, मग त्यातून विधवा, मग वयाप्रमाणे. शेवटच्या कप्प्यात उरल्या तेवढ्या मोजा. मला ही पद्धत फार आवडते. धान्य निवडायचं, चाळायचं, पाखडायचं, आपलंच काम की.

आता संगणकाकडे येऊ. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिक्लिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी व्हिजिकॅल्क नावाचा प्रोग्रॅम आणला. ओळी आणि रकाने पडद्यावर. एक आकडा बदलला की बाकीची गणितं आपोआप बदलतात. पुढे एक्सेल आलं. त्यात एकच अट घेऊन मोजणारं सूत्र होतं, काउंटइफ. एकापेक्षा जास्त अटी एकदम घेणारं काउंटइफ्स हे सूत्र २००७ च्या एक्सेलमध्ये आलं. नावाच्या शेवटी फक्त एक "स" वाढलाय.

ते लिहितात असं. आधी बरोबरचं चिन्ह, मग सूत्राचं नाव, मग कंसात जोड्या. रकाना आणि त्याची अट, स्वल्पविराम, दुसरा रकाना आणि त्याची अट. वयाचा रकाना, चाळीसपेक्षा कमी. एकलचा रकाना, "हो". कर्जाचा रकाना, "नाही". अटी अवतरणचिन्हात. एंटर दाबलं की आकडा हजर. तीन गोष्टी सांभाळा. सगळे रकाने सारख्याच लांबीचे घ्या. एक दुसऱ्या ओळीपासून शंभराव्यापर्यंत आणि दुसरा नव्वदाव्यापर्यंत घेतला तर सूत्र चालत नाही. शब्द एकसारखे लिहा. कुणी "हो" लिहिलं, कुणी "होय", कुणी "हो" च्या पुढे एक मोकळी जागा सोडली, तर "हो" विचारल्यावर पहिलीच मोजली जाते. आणि हे सूत्र फक्त "आणि" जाणतं. "एकल किंवा अपंग" अशा बायका हव्या असतील तर दोन वेगवेगळी सूत्रं लिहून बेरीज करा, आणि जी एकल आहे आणि अपंगही आहे ती दोनदा मोजली जाईल म्हणून तेवढ्या जणी वजा करा.

दुसरी अट लावली की काय दिसतं, याचं आपल्या राज्यातलं उदाहरण सांगते. जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात २००१ साली दर हजार पुरुषांमागे ९२२ बायका होत्या. २०११ साली ९२९. वाढल्या, बरं झालं, असं वाटेल. इथे अट एकच आहे, बाई की पुरुष. आता वयाची अट लावा, सहा वर्षांपर्यंतची मुलं. २००१ साली हजार मुलग्यांमागे ९१३ मुली. २०११ साली ८९४. म्हणजे घटल्या! बीड जिल्ह्यात ८९४ वरून ८०७. एकाच राज्यात, एकाच दहा वर्षांत, एक आकडा वर आणि दुसरा खाली. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ साली आला. तरी हे झालं. आणि हे नुसत्या एकूण बायकांच्या आकड्यावरून कधीच कळलं नसतं.

पण अट लावायची तर रकाना भरलेला हवा. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना उत्तरेकडे बऱ्याच बायकांनी आपलं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. अशी सुमारे अठ्ठावीस लाख नावं यादीतून काढावी लागली. त्या बायका होत्या, घरात राबत होत्या, पण नावाच्या रकान्यात त्यांचं नाव नव्हतं, म्हणून मतदार नव्हत्या. कामाच्या रकान्याचंही तसंच. "ही काय करते?" असं विचारलं की दारात उभा असलेला पुरुष सांगतो, "काही नाही, घरीच असते." मग निंदणी, खुरपणी, गोठा सगळं गेलं. १९९१ च्या जनगणनेत प्रश्नातच घातलं की शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी काम हेही काम धरा.

तुमच्या गटाच्या शीटमध्येही असा एखादा रकाना असेल. समजा, "सातबारावर नाव आहे का" हा रकाना आखला, पण कुणी विचारून भरलाच नाही. काउंटइफ्सला विचारा, "हो" किती? उत्तर येईल शून्य. आणि ते शून्य खऱ्या शून्यासारखंच दिसतं. विचारलंच नव्हतं हे त्यावरून कुणाला कळणार? म्हणून रिकामी जागा सोडू नका. विचारलं नसेल तर "विचारलं नाही" असंच लिहा. सांगायला नको म्हणाली तर "सांगितलं नाही" असं लिहा. मग हेच सूत्र तेही मोजून देतं, कोणत्या वाडीवरच्या किती जणींना अजून विचारायचं राहिलंय, ते.