जिंजीची वाट आणि तंजावरची पोथी

तंजावरास येणारा मराठी प्रवासी बहुधा दोन दिवसांत आपली यात्रा आटोपतो. बृहदीश्वराचे दर्शन, राजवाडा, सरस्वती महालातील पोथ्या, आणि देवळाच्या भिंतीवरील तो विख्यात मराठी शिलालेख, एवढे पाहून तो रामेश्वराची किंवा मदुरेची गाडी पकडतो. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेले हे भोसले वंशाचे चरित्र मराठीतील सर्वांत विस्तृत शिलालेखांत गणले जाते. परंतु त्या भिंतीपुढे उभे राहून चार ओळी लावीत असता एक गोष्ट मनात येते. हा वंश येथे सपाट भातशेतांच्या मुलुखात राहिला, आणि याच वंशाच्या थोरल्या शाखेने आपले राज्य वाचविले ते येथून उत्तरेस असलेल्या उघड्या खडकांच्या डोंगरावर, जिंजीस. एक स्थळ पाहावयाचे आणि दुसरे सोडावयाचे, हे अर्धी पोथी वाचून उठण्यासारखे आहे.

म्हणून पोंगलला जोडून रजा काढून आम्ही चौघांनी तीन दिवसांचा बेत केला. आमच्यापैकी दोघे पिढीजात तंजावरकर. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ घरच्यासारखी, त्यामुळे दुभाष्याची उणीव पडली नाही. जिंजीस गावातील एक वृद्ध वाटाड्या बरोबर घेण्याचे आधीच ठरले होते.

पहिला दिवस आम्ही नदीकाठास दिला. तंजावरहून उत्तरेस निघाले की तिरुवैयारूपर्यंत एकामागून एक कावेरीचे फाटे ओलांडावे लागतात, आणि पुढे कोळ्ळिडम्‌चे विस्तीर्ण वाळवंट पसरते. तिच्या उत्तर तीरावर तिरुमळपाडी नावाचे क्षेत्र आहे. बखरींतील तिरुमलवाडी ती हीच. १६७७ च्या जुलै महिन्यात शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजे तंजावरचे एकोजी राजे, यांची भेट येथे झाली. वडिलांच्या दौलतीच्या वाटणीचा प्रश्न होता. बोलणी फिसकटली आणि एके रात्री एकोजी राजे कोणास न सांगता नदी उतरून तंजावरास निघून गेले. या प्रसंगी कोणाचे किती चुकले याचा वाद शतके चालला आहे, तो वाढविण्याची आमची इच्छा नाही. त्या वाळवंटात उभे राहून एवढे मात्र ध्यानात आले की महाराजांनी नदी ओलांडून धाकट्या भावाचे तंजावर घेतले नाही. त्यांनी कोळ्ळिडम्‌च्या उत्तरेकडील मुलूख आपल्याकडे ठेविला, आणि त्या मुलखाचे मस्तक म्हणजे जिंजी.

जिंजी त्यांनी त्याच वर्षी, भेटीपूर्वी काही आठवडे, विजापूरकरांच्या ताब्यातून घेतली होती. घेऊन ते स्वस्थ बसले नाहीत. तटबंदी नव्याने बांधणे, खंदक खोदणे, बुरूज उभारणे ही कामे त्यांनी तत्काळ हाती घेतल्याचे त्या काळच्या जेसुइट धर्मोपदेशकांच्या पत्रांत नमूद आहे. रायगडापासून इतक्या दूर एवढा खर्च कशासाठी, असा प्रश्न त्या वेळी पुष्कळांस पडला असेल. त्याचे उत्तर मिळण्यास बारा वर्षे लागली. १६८९ च्या मार्च महिन्यात औरंगजेबाने संभाजी महाराजांचा वध केला. रायगडास वेढा पडला, नोव्हेंबरात तो पडला, आणि येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या हाती लागले. सह्याद्रीतील राज्य बुडाले असे शत्रूला वाटले, तेव्हा राजाराम महाराजांना जाण्यास एक जागा आधीच बांधून तयार होती.

पन्हाळ्याहून जिंजीपर्यंतचा त्यांचा प्रवास आपल्या इतिहासातील एक विलक्षण पायपीट होय. १६८९ च्या सप्टेंबरअखेर लिंगायत यात्रेकरूंच्या वेषात निघालेली ही मंडळी बेदनूरच्या राणी चेन्नम्माच्या आश्रयाने घाट उतरून चढून बंगळूरच्या बाजूस आली. तेथे संशय येऊन काही सोबती पकडले गेले, पण खंडो बल्लाळ आदींनी मार सोसूनही राजाचा पत्ता दिला नाही. पुढे वेलोरवरून महाराज सुमारे पाच आठवड्यांनी जिंजीस पोहोचले. या प्रवासावर केशव पंडिताने ‘राजारामचरितम्’ नावाचे संस्कृत काव्य रचले. त्याची पोथी जिंजीस नव्हे, तंजावरच्या ग्रंथसंग्रहात सापडली, आणि वा. सी. बेंद्रे यांनी १९३१ मध्ये ते संपादून प्रसिद्ध केले. डोंगरावरचा वृत्तान्त सपाटीवरच्या पेटाऱ्यात टिकून राहिला, हे प्रथमच येथे सांगून ठेवितो, कारण पुढे याच सूत्राकडे परत यावयाचे आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही जिंजीच्या पायथ्याशी होतो. सह्याद्रीचे गड पाहिलेल्या माणसास हे डोंगर चमत्कारिक वाटतात. माती थोडी, झाडी खुरटी, आणि राक्षसाने खेळता खेळता रचून टाकावेत तसे प्रचंड धोंडे एकावर एक. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी हे तीन डोंगर त्रिकोणात उभे असून त्यांना जोडणाऱ्या तटाचा घेर सुमारे १३ किलोमीटर भरतो. तिन्ही डोंगर स्वतंत्रपणे लढविता येतात. एक पडला तरी उरलेले दोन राहतात.

वाटाड्याने आम्हांस आधी कृष्णगिरीवर नेले. धान्याची कोठारे, देऊळ आणि घुमटाची देखणी बारादरी एवढे तेथे शिल्लक आहे. चंद्रगिरीवर वाट अशी फारशी नाही. काट्यांतून आणि तापलेल्या धोंड्यांवरून त्याच्या पावलावर पाऊल टाकीत जावे लागले. उतरल्यावर वेंकटरमणाचे मोठे देऊळ पाहिले. त्यातील उत्तमोत्तम खांब फ्रेंचांनी पुदुच्चेरीस नेले. चेट्टिकुळम् तळ्याच्या काठी मात्र आमचा वाटाड्या खुलला. हे देशिंगु राजाचे ठिकाण! तेजसिंह नावाचा हा तरुण बुंदेला अर्काटच्या नबाबाशी १७१४ मध्ये लढताना पडला, आणि त्याची राणी येथे सती गेली. त्याचा घोडा, त्याचा जिवलग मित्र महाबत खान, दोघांचे मरण, हे सर्व त्याने तासभर सांगितले, मधूनमधून गाऊनही दाखविले. आमच्या तंजावरकर मित्राने त्यास विचारले, “आणि राजाराम राजा?” वृद्धाने क्षणभर विचार केला आणि नम्रपणे म्हणाला, “मराठे होते म्हणतात. शिवाजी येऊन गेला.”

जेमतेम काही महिने राज्य केलेल्या देशिंगुला लोकगीताने तीनशे वर्षे जगविले, आणि येथे आठ वर्षे राजधानी चालविणारा छत्रपती गावास ठाऊक नाही! प्रथम मनाला थोडे लागले. नंतर वाटले, यात गावाचा काय दोष? देशिंगुचे मरण या मातीत, या भाषेत झाले. राजारामांचे मन या आठही वर्षांत पश्चिमेकडे, सह्याद्रीकडे लागलेले. त्यांची आठवण ठेवण्याचे काम ज्यांचे होते ते त्यांच्याबरोबरच परत गेले, आणि मागे जे राहिले ते तंजावरास होते.

तिसरा दिवस राजगिरीचा. दुपार कलल्यावर वर चढू देत नाहीत, म्हणून सूर्योदयासच निघालो. पायथ्याशी कल्याणमहालाचा उंच मजल्यामजल्यांचा मनोरा, कमानदार धान्यकोठारे आणि घोड्यांच्या पागा आहेत. तेथून सुमारे ८०० फुटांची उभी चढण लागते आणि एकामागून एक दरवाजे ओलांडावे लागतात. माथ्याजवळ डोंगरच दुभंगला आहे. त्या खोल दरीवर एक अरुंद पूल आहे. तो काढून घेतला की वरचा माथा जगापासून तुटला. मोगलांचे शेकडो कोसांवरून आलेले सैन्य या किल्ल्यापुढे आठ वर्षे का खोळंबले, याचे अर्धे उत्तर या पुलावर उभे राहिले असता मिळते.

उरलेले अर्धे उत्तर माथ्यावरून दक्षिणेस पाहिले असता मिळते, आणि ते तंजावरचे आहे. झुल्फिकार खान १६९० मध्ये जिंजीसमोर आला. खडकाचा किल्ला कितीही बळकट असला तरी खडकावर भात पिकत नाही. कावेरीच्या खोऱ्यातील धान्य आणि पैसा यांची मदत जिंजीस होत असे, आणि ती करणारे होते एकोजींचे पुत्र शहाजी राजे, म्हणजे त्या रात्री नदी उतरून गेलेल्या धाकट्या भावाचा मुलगा. १६७७ मध्ये दोन भावांचे जे जमले नाही, ते त्यांच्या मुलांनी संकटात जुळवून आणिले. १६९२ च्या अखेरीस संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी येऊन मोगलांची अशी दैना केली की खुद्द वेढा घालणाराच उपाशी मरू लागला आणि वांदिवाशकडे हटला. रसद कोठून येते हे झुल्फिकार खानानेही ओळखले होते. १६९४ मध्ये तो तंजावरावर चालून गेला, आणि शहाजी राजांना मोगलांचे मांडलिकत्व पत्करावे लागले. तरीही जिंजी पडावयास १६९८ साल उजाडले, आणि तत्पूर्वीच राजाराम महाराज निसटून वेलोरमार्गे महाराष्ट्रात गेले होते. औरंगजेबाच्या हाती लागला तो रिकामा किल्ला.

येथे दूरच्या एका देशाची आठवण होते. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात माचू पिक्चू नावाचे इंका लोकांचे डोंगरी नगर आहे. ते पाहण्यासाठी जगभरचे प्रवासी चार दिवस डोंगर तुडवीत जातात. सुमारे ४३ किलोमीटरची वाट, ४२०० मीटरची खिंड, आणि वाटाड्यावाचून जाण्यास मनाई. हायरम बिंगहॅम १९११ मध्ये तेथे पोहोचला तेव्हा इंकांची अखेरची राजधानी ती हीच, अशी त्याची समजूत झाली. वस्तुतः ती राजधानी विल्काबांबा अधिक दूर, रानात होती. स्पॅनिश लोकांनी कुस्को घेतल्यावर मांको इंका याने १५३६ मध्ये बंड केले, आणि पुढे डोंगरांत जाऊन विल्काबांबा येथे गादी राखिली. ती १५७२ पर्यंत टिकली. परंतु मनाला भिडते ती गोष्ट निराळीच. १५७० मध्ये त्याचा मुलगा तितू कुसी याने त्या दूरच्या आश्रयस्थानी बसून आपल्या बापाची हकीकत सांगितली आणि लिहून घेतली. ती लिहिली गेली शत्रूच्या, म्हणजे स्पॅनिश भाषेत. इंकांजवळ गाठी मारलेल्या दोऱ्या होत्या, लिपी नव्हती. दोन वर्षांनी राज्य गेले, आणि त्यांची कहाणी जगाला स्पॅनिशांच्याच अक्षरांतून वाचावी लागली.

आता जिंजीकडे पाहावे. वेढा चालू असतानाच, सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, शिवाजी महाराजांच्या पदरच्या कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून महाराजांचे चरित्र लिहिले. आज जिला आपण सभासदाची बखर म्हणतो ती हीच. शिवचरित्राचा अभ्यास तिच्यावाचून होत नाही. मोगलांच्या तोफा ऐकू येत असताना, गेलेल्या पित्याचे चरित्र मुलाने लिहवून घेतले, हे तितू कुसीसारखेच झाले. भेद एवढाच, पण तो डोंगराएवढा, की हे चरित्र मराठीत लिहिले गेले. सोप्या, आटोपशीर, आजही कोणास समजेल अशा मराठीत. आणि त्याच सुमारास तंजावरास शहाजी राजांच्या दरबारी ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक रचले जात होते. उपलब्ध मराठी नाटकांत तंजावरची ही नाटके सर्वांत जुनी समजली जातात. सांगलीस विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ झाले ते १८४३ मध्ये, म्हणजे सुमारे दीडशे वर्षांनी.

आम्ही राजगिरीच्या माथ्यावर बसून ज्या निष्कर्षास आलो तो असा. महाराष्ट्र मोगलांच्या टाचेखाली असताना मराठी गद्यातील एक थोर ग्रंथ आणि मराठीतील आद्य नाटके, दोन्ही तमिळ देशात निर्माण झाली. पैकी एक खडकावर वेढ्यात, आणि दुसरे भाताच्या शेतांत स्वस्थतेत. जिंजीने राज्य राखिले, तंजावरने जिंजीस अन्न पुरविले, आणि जिंजी गेल्यावर तिच्या प्रवासाचे काव्यही तंजावरनेच सांभाळले. मराठी भाषा परमुलखात आली की क्षीण होते, असे म्हणण्याची आपणांस सवय लागली आहे. महाराष्ट्राबाहेर राहणारे आपण सर्व जण हे वाक्य अपराध्यासारखे ऐकून घेतो. या दोन स्थळांचा इतिहास त्या वाक्यास साक्ष देत नाही. भाषा क्षीण होते ती तिच्यात लिहिण्याचे काम आपण दुसऱ्यावर टाकिले म्हणजे. सभासदाने ते टाकिले नाही. शहाजी राजांचे प्रजाजन तमिळ बोलत, दरबारात तेलुगूचा मान मोठा, स्वतः राजांनीही तेलुगूत रचना केल्या. तरी मराठीस त्यांनी तिचे पान वाढले.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील आणि बारावी जिंजी. यापुढे तेथे मराठी प्रवासी अधिक येतील, ध्वजासह छायाचित्रे निघतील. ती निघावीत. परंतु आमची दोन मागणी आहेत. एक, जिंजीस जाणाऱ्याने तंजावर, आणि तंजावरास येणाऱ्याने जिंजी, एका यात्रेत करावी, मधल्या कोळ्ळिडम्‌च्या वाळवंटासह. दुसरे, वाटाड्याकडून देशिंगु राजाची कथा मनापासून ऐकून घ्यावी, आणि मग राजारामांची कथा त्याला त्याच्या भाषेत सांगावी. आमच्या मित्राने उतरताना ती सांगितली. वेषांतराचा भाग वृद्धास फार आवडला. पायथ्याशी येईपर्यंत त्याने दोनदा विचारले, की बंगळुरास मार खाणाऱ्यांचे पुढे काय झाले? खंडो बल्लाळ सुटून जिंजीस येऊन मिळाले, हे ऐकून त्याने मान डोलाविली, आणि पुढच्या पाहुण्यांस सांगता यावे म्हणून ते नाव दोन-तीन वेळा घोकून घेतले.