इझ्माइल : किल्ला पाडला, नदी उरली

१/९
जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम पावणारी डॅन्यूब नदी दहा देशांतून सुमारे २,८५० किलोमीटर वाहत काळ्या समुद्राला मिळते. मुखाजवळ तिच्या तीन मुख्य शाखा होतात : किलिया, सुलिना आणि सेंट जॉर्ज. किलिया शाखेच्या उत्तर तीरावर युक्रेनचे इझ्माइल वसले आहे. समोरचा तीर रोमानियाचा.

२/९
मध्य युरोपातून समुद्राकडे जाणारा जलमार्ग येथून जातो. म्हणूनच ऑटोमन साम्राज्याने अठराव्या शतकात येथे बलाढ्य किल्ला उभारला. उत्तरेकडून सरकणाऱ्या रशियाला नदीच्या मुखापासून दूर ठेवणे, हे त्याचे काम होते.

३/९
२२ डिसेंबर १७९०. रशियन सेनापती सुवोरोव्हने पहाटेच्या अंधारात हल्ला चढवला आणि त्याच दिवशी किल्ला पडला. हजारो सैनिक मारले गेले. तटाच्या आत शिरलेल्या सैन्याने नगरवासीयांचीही कत्तल केली. इंग्रज कवी बायरनने ‘डॉन जुआन’ या काव्यात या वेढ्याचे चित्रण केले आहे.

४/९
एवढ्या रक्तपातानंतर पदरी काय पडले? १७९२ च्या यासीच्या तहात सीमा नीस्टर नदीवर ठरली आणि इझ्माइल ऑटोमनांना परत मिळाले! पुढील युद्धात रशियाने ते पुन्हा जिंकले आणि १८१२ च्या बुखारेस्टच्या तहाने बेसाराबियासह स्वतःकडे ठेवले.

५/९
क्रिमियन युद्धातील पराभवानंतर १८५६ च्या पॅरिस तहाने रशियाला डॅन्यूबच्या मुखावरून मागे सारण्यात आले. इझ्माइल मोल्दाव्हियाकडे गेले आणि किल्ला पाडण्यात आला. त्याच तहाने डॅन्यूबच्या मुखाशी सुरक्षित जलवाहतुकीसाठी युरोपीय आयोग नेमला. तट नाहीसा झाला. मार्गाचे मोल मात्र वाढले.

६/९
१८७७ च्या युद्धात रोमानिया रशियाच्या बाजूने लढला. तरीही १८७८ च्या बर्लिन तहात दक्षिण बेसाराबिया रशियानेच घेतला. मोबदल्यात रोमानियाला उत्तर दोब्रुजा मिळाला. पुढे १९१८ मध्ये इझ्माइल रोमानियाकडे, १९४० मध्ये सोव्हिएत संघाकडे, १९४१ मध्ये पुन्हा रोमानियाकडे आणि १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत संघाकडे गेले. १९९१ पासून ते स्वतंत्र युक्रेनमध्ये आहे.

७/९
घर न बदलताही माणसाचे राज्य बदलत राहिले. आजही नगरात युक्रेनियन, रशियन, बल्गेरियन, मोल्दोव्हन आणि गागाउझ लोक राहतात. जुन्या किल्ल्याच्या जागेवर एक ऑटोमन मशीद उभी आहे. तिच्या आत १७९० च्या हल्ल्याचा देखावा मांडलेला आहे. ज्यांनी मशीद बांधली त्यांच्याच पराभवाचे ते स्मारक!

८/९
२०२२ मध्ये रशियाच्या आक्रमणाने युक्रेनची समुद्रबंदरे कोंडली, तेव्हा धान्याची वाट डॅन्यूबकडे वळली. अनेक जहाजे रोमानियातील सुलिना शाखेतून आत येत. जुलै २०२३ मध्ये रशिया धान्यकरारातून बाहेर पडला आणि इझ्माइलच्या बंदरावर ड्रोन हल्ले सुरू झाले. ड्रोनचे अवशेष पलीकडे, रोमानियातील प्लाउरू गावाजवळही सापडले.

९/९
१७९० मध्ये लक्ष्य तटबंदी होती. २०२३ मध्ये धान्याची कोठारे. साधने बदलली, प्रयोजन तेच राहिले : नदीचे मुख कोणाच्या हाती? किल्ला पाडून हा प्रश्न सुटला नाही, कारण तो दगडांत नव्हताच. तो पाण्यात होता.