ए, ॲन आणि आत्या

आमच्या कोथरुडात हल्ली इमारतींच्या नावाआधी ‘द’ लावायची टूम निघाली आहे. पूर्वी घरांना ‘मातृछाया’, ‘श्रमसाफल्य’ अशी नावं असायची. आता नावात ‘द’ नसला तर फ्लॅटचा भाव उतरतो की काय कोण जाणे! परवा कोपऱ्यावरच्या चहावाल्यानेही ‘द अमृततुल्य’ अशी पाटी लावली. मी विचारलं, “अरे, हा ‘द’ कशाला?” तर म्हणतो, “काका, पाटीत जागा उरली होती.”

घ्या! माझी निम्मी हयात हा ‘द’ कुठे घालायचा या चिंतेत गेली, आणि या गृहस्थाने तो जागा भरायला वापरला!

मराठी माणसाला इंग्रजीत जड काय जातं म्हणाल, तर स्पेलिंग नव्हे. ते घोकून येतं. जड जातात ते ए, ॲन आणि द. मी आठवीत होतो ते १९५८ साल. त्या काळी मुंबई राज्यात आमच्यासारख्यांचं इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. आमचे मास्तर या त्रिकुटाला ‘उपपदं’ म्हणत आणि एका वाक्यात निकाल लावत : “ओळख नसेल तर ए, ओळख झाली की द!” ऐकायला सोपं. पण समोरच्याची ओळख झालीय की नाही, हे आठवीतल्या पोराने कसं ठरवायचं?

खरं म्हणजे उपपदांवाचून जगाचं काही अडत नाही. संस्कृतात ती नव्हती, लॅटिनमध्ये नव्हती, रशियन माणूस आजही त्यांच्याशिवाय सुखात आहे. इंग्रजांकडेसुद्धा ती मागाहूनच आली. जुन्या इंग्रजीत ‘तो-ती-ते’ अशा अर्थाचा एक शब्द होता, तो झिजून ‘द’ झाला. ‘एक’ या अर्थाचा शब्द झिजून ‘ॲन’ झाला, आणि पुढे व्यंजन आलं की त्याचाही न गळून नुसता ‘ए’ उरला. आपली आजी ‘एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या’ म्हणून गोष्ट सुरू करते ना, तेच हे ‘एक’ आणि ‘त्या’! आपल्याकडे ते रोजंदारीवर आहेत, तिकडे त्यांना कायम करून टाकलं, एवढाच फरक.

बरं, कायम झाल्यावर त्यांनी उद्योग तरी काय केले? ‘एप्रन’ हा मूळचा ‘नेप्रन’. ‘ए नेप्रन’ म्हणता म्हणता लोकांना ‘ॲन एप्रन’ ऐकू आलं आणि बिचाऱ्याचा न गेला. आपलं नारिंग इराण, अरबस्तान करत युरोपात पोचलं, तिथल्या भाषांतल्या उपपदांनी त्याचाही न असाच गिळला, असं भाषापंडित मानतात. नारिंगाचं ऑरेंज झालं. तेव्हा आमचे मार्क गिळले यात नवल ते काय!

पुण्यात मात्र या ‘द’चा मान मोठा. टिळक-आगरकरांच्या मंडळींनी १८८१ च्या जानेवारीत दोन वर्तमानपत्रं काढली. इंग्रजी ‘द मराठा’ २ तारखेला आणि मराठी ‘केसरी’ ४ तारखेला. इंग्रजीला ‘द’ लागला, केसरीला नाही. पण ‘कुठला केसरी?’ असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

आणि आमच्या कोथरुडाच्या शेजारी हिंगणं. तिथे धोंडो केशव कर्व्यांनी १९०० साली आपला विधवांचा आश्रम नेला आणि १९१६ साली बायकांचं विद्यापीठ काढलं. विद्यार्थिनी पाच! शिक्षण मातृभाषेतून, पण इंग्रजी सक्तीचं. म्हणजे ए, ॲन, दही सक्तीचे. त्यातून ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द महाकपटी. दिसायला स्वर, उच्चारायला य, म्हणून ‘ए युनिव्हर्सिटी’. पण संस्थेचं नाव इंडियन विमेन्स युनिव्हर्सिटी. तिथे लगेच ‘ॲन’! अण्णांनी एकाच नावात दोन्ही नियमांची सोय करून ठेवली होती.

माझी आत्या हिंगण्यालाच शिकली. कोकणातल्या खेड्यात बाराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेलं, मग कुणीतरी तिला आश्रमात आणून सोडलं. पुढे ती शिक्षिका झाली आणि आमच्याकडेच राहायची. १९५८ साली अण्णांना शंभर वर्षं पूर्ण झाली, भारतरत्न मिळालं, तेव्हा आत्याने ट्रंकेतून आपली जुनी इंग्रजीची वही काढली. मी नुकताच उपपदं शिकलेला. लाल पेन्सिल घेऊन बसलो.

पहिलंच वाक्य होतं, ‘आय ॲम विडो.’ पुढचं, ‘आय लिव्ह इन आश्रम.’

“आत्या, दोन्ही चूक! आश्रमाआधी द पाहिजे, कारण कुठला आश्रम ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि इथे ए. ‘आय ॲम ए विडो’.”

“इथे द का नाही रे?”

मी मास्तरांच्या थाटात सांगितलं, “द म्हणजे ती एकटीच, सगळ्यांना माहीत असलेली. ए म्हणजे पुष्कळांतली एक.”

आत्या जरा वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “गावात मी द होते बघ. विहिरीवर गेले की बायका म्हणायच्या, ‘ती आली, व्हा बाजूला.’ ती कोण, हे विचारावं लागत नसे. हिंगण्याला आले आणि पहिल्या रात्री पाहिलं, ओळीने अंथरुणं घातलेली, सगळ्या माझ्यासारख्याच. तिथे मी ए झाले. इतकी गाढ झोप लागली मला!”

माझी लाल पेन्सिल तशीच हातात राहिली. आत्याने आपला टाक उचलला आणि स्वतःच्या हाताने तो ‘ए’ तिथे लिहिला. चांगला ठसठशीत. मग चष्मा पुसत म्हणाली, “आश्रमाचा द तू घाल. तुझेही मार्क व्हायला हवेत.”

ती वही अजून माझ्याकडे आहे. उपपदं मला आजही चुकतात. पण तो एक ‘ए’ बरोबर आहे, याबद्दल मला शंका नाही.

परवा बसने घरी येत होतो. कंडक्टर ओरडला, “चला, पुतळा!” चार-पाच माणसं उठली. कुठला पुतळा, असं एकानेही विचारलं नाही.