यंत्रांची वंशावळ व त्यांचे ऋणानुबंध

हातांतील मोबाइलमध्यें कॅमेरा, पडदा, ध्वनिवर्धक अशीं जीं उपकरणें असतात, त्यांपैकीं एकही स्वावलंबी नाहीं. कॅमेऱ्यास वीज देणारा भाग निराळा, ठराविक स्पंदनें पुरविणारें घड्याळ निराळें, आणि टिपलेलें चित्र वाहून नेणारी वाट निराळी. हीं सारीं एकत्र नांदविण्याचें काम 'कर्नेल' नांवाच्या मूळ आज्ञावलीकडे असतें. परंतु कोण कोणावर अवलंबून आहे, हें त्या कर्नेलला सांगावें कोणीं? लिनस टोर्व्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्स कर्नेलला या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर मिळावयास तीस वर्षें लागलीं.

घरगुती संगणकांत ही अडचण फारशी जाणवत नसे. पीसीआय किंवा यूएसबी मार्गावर जोडलेलें उपकरण विचारतांच आपलें नांवगांव सांगतें. चिपच्या पोटांत बसविलेलीं उपकरणें मात्र मुकीं. त्यांचा पत्ता कोणीतरी आधींच लिहून ठेवावा लागतो. अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स कंपनींत मिच ब्रॅडली यांनीं 'ओपनबूट' या आरंभिक आज्ञावलींत ही यादी वृक्षाच्या रूपानें मांडली. १९९४ सालीं तीच पद्धति 'ओपन फर्मवेअर' या नांवानें आयईईई १२७५ हें प्रमाण ठरली. पुढें २००५ च्या सुमारास पॉवरपीसी जातीच्या संगणकांसाठीं लिनक्सनें या वृक्षाचें एक सुटसुटीत रूप स्वीकारलें.

एआरएम जातीच्या चिपांकडे मात्र बेबंदशाही होती. प्रत्येक नव्या फलकाची माहिती कर्नेलच्या आज्ञावलींतच हातानें लिहिली जाई. अशा फायलींचे ढीग सांभाळणारे थोडे, भर घालणारे अनेक. अखेर मार्च २०११ मध्यें टोर्व्हाल्ड्स यांचा संयम सुटला आणि त्यांनीं या गोंधळावर अत्यंत कडक शब्दांत ताशेरे झाडले. शब्द शिष्टसंमत नव्हते, पण तक्रार खोटी नव्हती. त्यानंतर ग्रँट लाइकली प्रभृतींनीं चालविलेल्या वृक्षपद्धतीच्या कामास वेग आला, आणि डिसेंबर २०१२ मधील ३.७ या आवृत्तीपासून एकच कर्नेल निरनिराळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपांवर चालूं लागला.

येथें खरी मेख आहे. वृक्षांत बाप म्हणजे ज्याच्या वाटेनें उपकरणापर्यंत पोंचतां येतें तो. अन्नदाता मात्र दुसऱ्याच शाखेवर असूं शकतो! कॅमेऱ्याचा बाप एक तारमार्ग, आणि वीज येते भलतीकडून. असें नातें दाखविण्यास वृक्षांत 'फॅन्डल' नांवाचा खुणेचा अंक असतो. पण नुसती खूण लिहिली म्हणजे क्रम पाळला जातो असें नाहीं.

२०१२ सालीं ३.४ या आवृत्तींत त्यावर एक तोड निघाली. पुरवठादार तयार नसेल तर उपकरणाच्या ड्रायव्हरनें माघार घ्यावी व पुनः यावें. कोर्टांत तारखेवर तारीख पडते, त्यांतलाच हा प्रकार. काम होई, पण नात्याची नोंद कोठेंच राहात नसे. पुरवठादाराचा ड्रायव्हर काढून घेतला तरी ग्राहकास त्याची वार्ता नसे, आणि सारें यंत्र कोसळण्याचा धोका राही.

ही नोंद प्रथम राफाएल विसोत्स्की यांनीं आणली. फेब्रुवारी २०१७ मधील ४.१० आवृत्तींत 'डिव्हाइस लिंक' आली. पुरवठादार व ग्राहक अशी जोडी तींत लिहिली जाते. निजतांना ग्राहक आधीं, पुरवठादार मागाहून, उठतांना उलट. तथापि ही जोडी ड्रायव्हर लिहिणाऱ्यानेंच जुळवावयाची होती. गूगलमधील सरवण कण्णन यांनीं वृक्षांतील खुणा वाचून जोड्या आपोआप जुळविण्याची व्यवस्था केली. ५.१२ आवृत्तीच्या तयारींत ती सर्वांसाठीं सुरू केली, तों कांहीं फलक चालूच होईनात. म्हणून ती मागें घ्यावी लागली. दुरुस्त्या होऊन जून २०२१ च्या ५.१३ मध्यें ती कायम झाली.

त्या फलकांवर घोटाळा करणाऱ्या गोष्टींपैकीं एक मोठी मौजेची आहे. कधीं कधीं दोन उपकरणांच्या नोंदींत परस्परांकडे बोट असतें. दोघेंही एकमेकांचे ग्राहक! अशा वेळीं 'आधीं कोण' या प्रश्नास उत्तरच नसतें. फेरा ओळखतां आला, म्हणजे तेवढ्या जोडीपुरता कर्नेल क्रमाचा आग्रह सोडतो आणि पुढच्या उपकरणाकडे वळतो.