डावाच पाय कां ?

बाळंतपण सुखरूप पार पडावें, घरांत आनंदीआनंद व्हावा, आणि आठदहा दिवसांनीं बाळंतिणीच्या एका पायास कळ लागून तो मांडीपासून घोट्यापर्यंत खांबासारखा सुजावा, हा प्रकार युरोपांतील वैद्यांच्या पूर्वापार परिचयाचा होता. ताणलेली कातडी पांढरीफटक दिसे, म्हणून या दुखण्यास 'पांढरा पाय' असें नांव पडलें. कांहीं स्त्रिया बऱ्या होत. कांहींचा पाय जन्मभर जड राही. आणि कांहीं तर बरें वाटूं लागलें असतांनाच एकाएकीं धाप लागून दगावत. विशेष हें कीं, सुजणारा पाय बहुधा डावाच असे. तो डावाच कां, या प्रश्नांत रोगाचें मर्म दडलेलें होतें. पण तें उलगडण्यास जवळजवळ तीनशें वर्षें लागलीं.

आरंभीं दोष आला तो मातेच्या शरीरांतील द्रवांवर. पॅरिसचा प्रसूतिवैद्य मोरिसो यानें १६६८ सालीं असें प्रतिपादिलें कीं, बाळंतपणानंतर बाहेर पडावयाचा स्राव तुंबून पायांत उतरतो. पुढील शतकांत प्यूझो या दुसऱ्या फ्रेंच वैद्यानें तो दोष दुधावर ठेवला. स्तनांतील दूध वाट चुकून पायांत सांचतें, असें त्याचें मत. 'दुधाचा पाय' हें नांव या समजुतीशींच जोडलेलें आहे. १७८४ सालीं मँचेस्टरच्या चार्लस व्हाइटनें दुधाऐवजीं लसिकावाहिन्यांकडे बोट दाखविलें. पण खरें स्थळ त्याच्याहि हातीं लागलें नाहीं.

तें लागलें लंडनच्या डेव्हिड डेव्हिस यास. १८१९ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या जन्मसमयीं तिच्या मातेपाशीं असलेला वैद्य तो हाच. या रोगानें मेलेल्या स्त्रियांच्या शवविच्छेदनांत त्यास ओटीपोटांतील मोठ्या नीला, म्हणजे पायांतील रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरा, सुजून साकळलेल्या रक्तानें गच्च भरलेल्या आढळल्या. १८२३ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें, आणि बिचाऱ्या दुधावरील आळ दूर होण्याचा मार्ग मोकळा झाला.

तरीहि डाव्या पायाचें कोडें शिल्लकच होतें. हृदयांतून निघालेली महारोहिणी कमरेच्या चौथ्या मणक्यापाशीं दुभंगते. दोन पायांकडून येणाऱ्या नीला किंचित् खालीं, उजव्या अंगास एकत्र मिळतात. त्यामुळें उजवी नीला जवळजवळ सरळ वर चढते. डावीस मात्र आडवें यावें लागतें, आणि वाटेंत उजव्या पायाची रोहिणी तिला ओलांडून जाते. मागें मणका, पुढें अखंड ठोके देणारी रोहिणी, अशा कचाट्यांत ती मऊ शीर सांपडते. १८५१ सालीं जर्मन शास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यानें डाव्या पायाच्या गुठळ्यांचें कारण येथेंच आहे, असें सुचविलें. पुढें ऑस्ट्रियांतील माय व थुर्नर या दोघांनीं ४३० शवें तपासलीं. त्यांपैकीं शेंकडा २२ शवांत या जागीं शिरेच्या आंत पडदे वा दोर तयार झालेले दिसले. वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनीं हे घट्टे पडतात, असा त्यांचा निष्कर्ष १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. अशा अरुंद वाटेवर वाढलेल्या गर्भाशयाचा भार, बाळंतपणांत रक्ताची साकळण्याकडे वाढणारी प्रवृत्ति आणि नंतरचें अंथरुणास खिळून राहणें यांची भर पडली, म्हणजे गुठळीस आणखी काय हवें ? तीच गुठळी सुटून फुप्फुसांत अडकली, कीं धाप लागून मृत्यु ओढवे.

कारण कळलें, तसे उपायहि सुधारले. लिस्बनच्या दुश सांतुश यानें १९३८ सालीं शिरेंत क्ष-किरणांस अडविणारें द्रव्य टोचून तिचें चित्र घेण्याची रीत मांडली. १९५८ च्या सुमारास मोंटेव्हिडिओच्या पाल्मा यानें निरोगी पायाची शीर ओटीपोटावरून आडवी नेऊन दुखऱ्या पायाच्या शिरेस जोडली. बंद रस्त्यास जणूं वळणवाट काढून दिली. १९९० नंतर दबलेल्या जागीं धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसविण्याची पद्धत आली. आज प्रथम अल्ट्रासाउंडनें गुठळी शोधतात. जरूर तर सीटी स्कॅन करतात, किंवा शिरेच्या आंतच अल्ट्रासाउंडचें बारीक उपकरण सोडून अरुंद जागा मोजतात. रक्त साकळूं न देणारीं औषधें हा उपचाराचा पाया आहे.

मात्र शीर दबलेली दिसली म्हणजे रोग झाला, असें नव्हे. ही रचना असलेलीं असंख्य माणसें कोणत्याहि त्रासावांचून आयुष्य काढतात. म्हणून केवळ चित्र पाहून नळी बसविणें शहाणपणाचें ठरत नाहीं. उलटपक्षीं, बाळंतपणानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा लांबच्या बैठ्या प्रवासानंतर एकच पाय सुजून दुखूं लागला, तर शेकशेगडीवर दिवस न घालवितां डॉक्टरांस तत्काळ दाखविणें अगत्याचें आहे. आणि धाप लागली किंवा छातींत दुखूं लागलें, तर क्षणाचाहि विलंब नको. 'दुधाचा पाय' म्हणून जें दुखणें एके काळीं मुकाट्यानें सोसलें गेलें, त्यावर आज इलाज आहे. तो वेळेवर पोंचणें मात्र घरच्या माणसांच्या हातीं आहे.