अंगणांत आलेली शाळा

थेंबें थेंबें तळें सांचे ही म्हण सर्वांच्या तोंडीं असते. परंतु तोच थेंब रोज, न चुकतां टाकीत राहणें किती कठीण आहे, हें ज्यांनीं तें केलें त्यांसच ठाऊक. २०१४ सालीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळा झालेला जो पालघर जिल्हा, त्याच्या उत्तर भागांत याचें एक उदाहरण घडलें.

आगगाडी पालघर, बोईसर मागें टाकून उत्तरेकडे निघाली कीं डहाणूपुढें घोलवड स्टेशन लागतें. जवळच समुद्रकांठीं बोर्डी गांव, आणि आंतल्या बाजूस वारल्यांच्या पाड्यांमध्यें कोसबाडची टेकडी. १९४५ सालीं याच मुलुखांत वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा मोठा लढा उभा राहिला. त्याच वर्षीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. त्या तेव्हां ५३ वर्षांच्या होत्या; भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत केलेल्या कार्याचा अनुभव पाठीशीं होता. सोबतीस आल्या ३५ वर्षांच्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षीं विवाह होऊन अल्पावधींतच त्यांना वैधव्य आलें होतें.

शाळा उघडली म्हणून गरिबाचें मूल शाळेंत येतेंच, असें नाहीं. तेव्हां वस्तीच्या अंगणांतच बालवाडी भरूं लागली. अंगणवाडी हें नांव तेथलें. मुलांना गोळा करावें, न्हाऊं घालावें, नखें काढावींत, केंस विंचरावेत, आणि मग गाणीं, गोष्टी; मोजणी शिकवावयास बिया, शिंपले, खडे. कालच्या आंघोळीनें आज भागत नसे. उद्यां सकाळीं सारें पुन्हां पहिल्यापासून.

दहाबारा वर्षांनीं केंद्र कोसबाडला गेलें, तेथें अडचणीही नव्या. मुलें गुरें चारावयास जात, म्हणून शिक्षक कुरणांत गेले आणि कुरणशाळा निघाली. मुलींच्या कडेवर धाकटें भावंड असे, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. मूल कां येत नाहीं, हा एकच प्रश्न रोज विचारल्यानें प्रत्येक वेळीं नवी वाट सांपडली.

१९६२ सालीं ताराबाईंस पद्मभूषण मिळालें. १९७३ सालीं त्या निवर्तल्या. तिसऱ्याच वर्षीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशीं सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द गांवोगांव पोहोंचला. अनुताई १९९२ पर्यंत, म्हणजे एकंदर ४७ वर्षें, त्याच कामांत राहिल्या.

आज देशांतील लाखो अंगणवाड्यांतून मुलें शिकतात. त्या नांवामागें कोणताही एक दिग्विजयाचा दिवस नाहीं. आहेत त्या केवळ बोर्डी-कोसबाडच्या असंख्य सकाळी, आणि त्यांतली एकही वायां न दवडणाऱ्या दोन स्त्रिया.